नॉर्वेतील शांततेचे उपासक



ह्या वर्षी आपल्या मंडळाच्या अभ्यासवर्गात प्रत्येकीने एक चिठ्ठी उचलावी आणि चिठ्ठीत येईल त्या देशातील मोठ्या माणसांची माहिती सांगावी, असे ठरले होते. माझ्या वाट्याला नॉर्वे आला. कोणाला जपान मिळाला, कोणाला रशिया. त्या मानाने माझा देश अगदी अनोळखी. परंतु जसजशी माहिती मिळत गेली तसतसे वाटू लागले की, ह्या लहानशा देशातील माणसांकडून आपल्यासारख्या घरात राबणाऱ्या बायकांनी पुष्कळ घेण्यासारखे आहे. स्मरणिकेसाठी तेच लिहून द्या, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, म्हणून हा प्रपंच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी मजकूर थोरल्या मुलीने वाचून मला मराठीत सांगितला. मांडणी मात्र माझी आहे.

नॉर्वे हा युरोपच्या अगदी उत्तरेकडील देश. डोंगर, समुद्र आणि बर्फ. शेतीजोगी जमीन फार थोडी. उत्तर भागात उन्हाळ्यात मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात कित्येक आठवडे उगवत नाही. लोकसंख्या सुमारे 55 लाख, म्हणजे आपल्या एकट्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. आज तो देश तेलामुळे श्रीमंत आहे. परंतु मी ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्यांतील बहुतेकजण साध्या, काटकसरीच्या काळात वाढलेले.

हा देश आपल्याला वाटतो तितका परकाही नाही. स्टेन कोनो (1867-1948) नावाचे एक नॉर्वेजियन संस्कृत पंडित होऊन गेले. ग्रिअर्सन साहेबांच्या देखरेखीखाली हिंदुस्थानातील भाषांची जी प्रचंड पाहणी झाली, तिचा मराठीवरील सातवा खंड ह्या कोनो ह्यांनी तयार केला. तो 1905 साली प्रसिद्ध झाला. देशावरची बोली कशी, वऱ्हाडची कशी, कोकणपट्टीची कशी, ह्याचे नमुने त्यात आहेत. आपल्या पणज्या ज्या बोलीत एकमेकींशी सुखदुःख बोलत होत्या, तिची इतक्या बारकाईने दखल एका नॉर्वेच्या माणसाने घ्यावी, ह्याचे मला फार अप्रूप वाटले. दुसऱ्याचे बोलणे नीट ऐकून घेणे हीच शांततेची पहिली पायरी नव्हे काय?

त्याच 1905 साली नॉर्वेत एक मोठी गोष्ट घडली. 1814 पासून नॉर्वे आणि स्वीडन ह्या दोन देशांचा राजा एकच होता. नॉर्वेला वेगळे व्हावयाचे होते. आपल्याकडे दोन सख्खे भाऊ वेगळे निघाले तरी हंडे-कळशांच्या वाटणीवरून कोर्टापर्यंत जातात. हे तर दोन देश. सरहद्दीवर दोन्हीकडे फौजा उभ्या राहिल्या होत्या. तरीही लढाई झाली नाही. बोलणी होऊन दोन घरे वेगळी झाली. ऑगस्टमध्ये नॉर्वेत लोकांचे मत घेतले, तेव्हा वेगळे होण्याच्या बाजूने 3,68,208 मते पडली आणि विरुद्ध अवघी 184.

ह्या मतदानात बायकांना मत नव्हते. मग त्यांनी काय केले? गावोगाव हिंडून स्वतःच्या सह्या गोळा केल्या. दोन लाखांहून अधिक बायकांनी सह्या करून, आमचेही मत हेच आहे, असे सरकारला कळवले. ह्या कामात फ्रेडरिक्के मारी क्वाम (1843-1938) ह्या बाई पुढे होत्या. त्यांनी 1896 साली बायकांची एक आरोग्य संस्था काढली होती. स्वीडनशी युद्ध झालेच तर जखमींची शुश्रूषा करावी, हा तिचा मूळ हेतू. युद्ध झाले नाही. पण क्वामबाईंनी संस्था मोडली नाही. त्या काळी नॉर्वेत क्षयरोगाने घरेच्या घरे बसत होती. संस्थेने आपली शक्ती त्या रोगाकडे वळवली. 1913 साली सर्व बायकांना मताचा हक्क मिळाला, आणि ती संस्था आजही चालू आहे. महिला मंडळे म्हणजे हळदीकुंकू आणि पाककृती, असे म्हणणाऱ्यांना हे अवश्य सांगावे.

नोबेल पारितोषिकाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. आल्फ्रेड नोबेल स्वीडनचे. तरीही शांततेचे पारितोषिक नॉर्वेच्या संसदेने निवडलेल्या पाच जणांनी द्यावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले. 1901 पासून ते दिले जाते. ह्या समितीवर पहिली स्त्री आली ती 1949 साली, ओसे लिओनेस; पुढे 1968 पासून त्या अध्यक्षही झाल्या. समितीचे पहिले चिटणीस क्रिस्तियान लांगे ह्यांनी निरनिराळ्या देशांच्या संसदांना एकत्र आणणाऱ्या संस्थेचा कारभार 1909 ते 1933 अशी चोवीस वर्षे सांभाळला. पहिल्या महायुद्धात त्यांनी तिची कचेरी ब्रुसेल्सहून आपल्या गावी आणून ती जगवली. 1921 साली त्यांना हे पारितोषिक विभागून मिळाले. पुढच्याच वर्षी ते ज्यांना मिळाले, त्या फ्रिट्यॉफ नान्सेन ह्यांच्याविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे.

नान्सेन ह्यांचा जन्म 1861 सालचा. ते प्राणिशास्त्राचे विद्वान. मज्जातंतूंवर त्यांनी प्रबंध लिहिला. त्याच वर्षी, म्हणजे 1888 साली, पायांना लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत त्यांनी ग्रीनलंड हे प्रचंड बेट पार केले. पुढे ‘फ्राम’ नावाचे खास बांधलेले जहाज त्यांनी मुद्दाम बर्फात अडकू दिले आणि बर्फाबरोबर वाहत उत्तर ध्रुवाकडे गेले. तोपर्यंत त्या दिशेला तेवढे कोणीच पोहोचले नव्हते. असा कीर्तिमान पुरुष साठीच्या घरात आल्यावर आरामखुर्चीत बसून आठवणी सांगता तरी चालले असते.

परंतु पहिले महायुद्ध संपले तरी लाखो कैदी परक्या मुलखात अडकून पडले होते. कोणी सैबेरियात, कोणी जर्मनीत. युद्ध संपले, तह झाले. पण ह्या पोरांना घरी आणावयाचे कोणी? राष्ट्रसंघाने 1920 साली हे काम नान्सेन ह्यांच्यावर सोपवले. जहाजे मिळवा, आगगाड्या मिळवा, पैसे मागा, दोन सरकारे एकमेकांचे तोंड पाहत नसतील तर मधे उभे राहा. दोन वर्षांत सुमारे सव्वाचार लाख कैदी आपापल्या घरी पोहोचले. सव्वाचार लाख आयांना मुलगा दारात दिसला, असे म्हणू या.

ते काम चालू असतानाच 1921 साली रशियात भयंकर दुष्काळ पडला. रशियाच्या सरकारवर इतर राष्ट्रांचा राग होता, म्हणून राष्ट्रसंघातील सरकारे पैसे देईनात. नान्सेन ह्यांचे म्हणणे सरळ होते : सरकार आवडत नाही म्हणून लेकरांना उपाशी मारावयाचे काय? सरकारांनी ऐकले नाही तेव्हा ते लोकांकडे गेले. दुष्काळी भागात स्वतः हिंडून त्यांनी छायाचित्रे आणली, गावोगाव भाषणे दिली आणि मदत गोळा केली. अमेरिकेने मोठ्या प्रमाणावर धान्य पाठवले. नान्सेन ह्यांच्या संस्थेनेही फार मोठे काम केले. तरीही लाखो माणसे दगावली.

तिसरे काम कागदाचे, पण मला ते सर्वांत मोठे वाटते. रशियातील क्रांतीनंतर लाखो माणसे देशोधडीला लागली होती. त्यांना कोणताच देश आपले म्हणेना. कागद नाही म्हणून सरहद्द ओलांडता येईना, कामधंदा मिळेना. साध्या रेशनकार्डावर नाव नसले तर किती खेटे घालावे लागतात, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे तर सबंध माणूसच कोणाच्या यादीत नाही! नान्सेन ह्यांनी 1922 साली अशा निर्वासितांसाठी एक ओळखपत्र काढवले. लोक त्याला नान्सेन पासपोर्ट म्हणू लागले. पुढे पन्नासांहून अधिक सरकारांनी तो मानला. संगीतकार स्ट्राविन्स्की, चित्रकार शागाल ह्यांच्यासारख्या नामवंतांनीही तो वापरला. पण खरा आधार झाला तो नाव नसलेल्या शिंप्या-सुतारांना. नोबेल पारितोषिकाची रक्कम नान्सेन ह्यांनी मदतीच्या कामालाच दिली. 1930 साली ते वारले. शांतता म्हणजे मोठमोठे ठराव नव्हेत. घरी नेणारी गाडी, भाकरी आणि नाव लिहिलेला कागद, हे त्यांनी दाखवून दिले.

नान्सेन गेले आणि दहा वर्षांत, एप्रिल 1940 मध्ये, हिटलरच्या फौजांनी नॉर्वे घेतला. देशातीलच क्विसलिंग हा पुढारी त्यांना सामील झाला. 1942 साली त्याने फर्मान काढले की, सर्व शिक्षकांनी सरकारी संघटनेत आलेच पाहिजे आणि मुलांना नव्या राजवटीचे धडे दिले पाहिजेत. देशातील बहुसंख्य शिक्षकांनी एकाच मजकुराचे पत्र लिहून नकार कळवला. बंदूक नाही, दगड नाही. फक्त पत्र आणि खाली सही. सरकारने सरपण नसल्याचे निमित्त सांगून शाळा बंद केल्या. मग पालकांची पत्रे सुरू झाली. लाखाहून अधिक घरांतून निषेधाची पत्रे गेली. मुले घरोघरी शिकू लागली. सुमारे 1,100 शिक्षकांना पकडले आणि त्यांतील कित्येकांना जहाजात कोंबून अगदी उत्तरेला, कडाक्याच्या थंडीत हमालीला पाठवले. तरीही शिक्षक बधले नाहीत. अखेर वर्ष संपण्यापूर्वी क्विसलिंगला त्यांना सोडावे लागले आणि शाळांचा बेत गुंडाळावा लागला. ती पत्रे लिहिताना किती आयांचा हात थरथरला असेल! पत्राखाली घरचा पत्ता असतो, आणि पोलीस पत्त्यावर येतात.

आपल्या गांधीजींचा मार्ग तिकडच्या लोकांना समजला तो ह्यामुळेही असेल. आर्ने नेस (1912-2009) हे ओस्लोच्या विद्यापीठात सत्ताविसाव्या वर्षी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. गिर्यारोहणात पटाईत, आणि गांधींचे गाढे अभ्यासक. अहिंसा ही दुबळ्याची लाचारी नव्हे, तिचे नियम आहेत, ते शिकता येतात, असे त्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. नुसते मांडले नाही. 1970 साली एक धबधबा वाचवण्यासाठी झालेल्या सत्याग्रहात ते स्वतः जाऊन बसले, आणि पोलिसांनी त्यांना उचलून नेले.

गांधीजींना मात्र नोबेल पारितोषिक मिळाले नाही. त्यांचे नाव 1937 पासून पाच वेळा सुचवले गेले होते. 1948 साली जानेवारीत त्यांची हत्या झाली, आणि त्या वर्षी समितीने, योग्य अशी हयात व्यक्ती नाही, असे सांगून कोणालाच पारितोषिक दिले नाही. पुढे 2006 साली समितीच्या चिटणिसांनीच ही आपल्या इतिहासातील सर्वांत मोठी उणीव असल्याचे उघडपणे मान्य केले.

गांधीजी गेल्याची बातमी ऐकून ओस्लोतील एक सतरा वर्षांचा मुलगा रडला होता. त्याचे नाव योहान गाल्टुंग. त्याच्या डॉक्टर वडिलांना युद्धात नाझींनी पकडून नेले होते. मोठा झाल्यावर त्याने लष्करात जाण्यास नकार दिला. त्याबद्दल वर्षभर नागरी सेवा केली; परंतु उरलेले सहा महिने शांततेच्या कामात घालवू द्या, असा हट्ट धरला म्हणून त्याला सहा महिने तुरुंगात जावे लागले. आर्ने नेस ह्यांच्याबरोबर त्याने गांधींच्या राजकीय नीतीवर पुस्तक लिहिले. ते 1955 साली निघाले. 1959 साली गाल्टुंग ह्यांनी ओस्लोत शांततेचा अभ्यास करणारी संस्था सुरू केली आणि 1964 साली तिचे नियतकालिक काढले. रोगाचा अभ्यास करणारे डॉक्टर असतात, मग युद्धाचा आणि शांततेचा अभ्यास करणारे का नसावेत, असा त्यांचा सवाल होता. 1993 साली त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. ज्या बजाजांनी गांधीजींना वर्ध्याला आणले, त्यांच्याच नावाचा हा पुरस्कार. 2024 साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, ते वारले. त्यांची सगळीच मते लोकांना पटली असे नाही. उतारवयात ज्यू लोकांविषयी केलेल्या काही विधानांमुळे त्यांच्यावर कडक टीका झाली, आणि ती योग्यच होती. परंतु त्यांनी 1969 साली मांडलेला एक विचार माझ्या मनात घर करून बसला आहे.

ते म्हणतात, मारहाण ही हिंसा आहे हे कोणालाही दिसते, कारण तिथे मारणारा हात दिसतो. पण काही हिंसा समाजाच्या घडणीतच मुरलेली असते. तिला हात नसतो. पूर्वी क्षयावर औषधच नव्हते, तेव्हा माणूस गेला तर ते दुर्दैव म्हणावे. आज औषध असून ते गरिबापर्यंत पोहोचत नाही आणि तो मरतो, तेव्हा ती हिंसा. आणि एखाद्या समाजात बायकांना सरसकट अडाणी ठेवले जाते, तीही हिंसाच, असे उदाहरण त्यांनी स्वतः दिले आहे. म्हणून नुसती मारामारी थांबली म्हणजे अर्धीच शांतता. प्रत्येकाला आपले वाढणे वाढता आले म्हणजे पुरी शांतता.

हे मुलीने वाचून दाखवले तेव्हा मी तिला पुन्हा वाचावयास लावले. आमच्या गावी शाळा सातवीपर्यंत. आठवीची शाळा सात किलोमीटरवर. घरात सायकल एक, ती भावाला मिळाली. माझ्यावर कोणी हात उगारला नाही, कोणी रागे भरले नाही. वडील मायाळू होते. आई तर माझ्या डोक्यावरून हात फिरवून गप्प बसली. भांडण झाले नाही, आदळआपट झाली नाही, घर अगदी शांत होते. इतकी वर्षे मला वाटे, दोष द्यावा असे कोणीच नाही, तेव्हा दुःखही आपल्याच मनाचे खेळ. दूरदेशीच्या एका माणसाने त्याला नाव दिले. नाव मिळाले की उपाय शोधता येतो.

आता शेवटच्या, आणि माझ्या सर्वांत आवडत्या बाई. एलिस बोल्डिंग ह्यांचा जन्म 1920 साली ओस्लोत झाला. तीन वर्षांच्या असताना आईबाप त्यांना अमेरिकेला घेऊन गेले. आईचे मन नॉर्वेतच राहिले. ती मुलीला माहेरच्या गोष्टी सांगे. त्यामुळे मुलीला वाटे, जगात काही झाले तरी नॉर्वे म्हणजे सुरक्षित जागा. 1940 साली तिथेही फौजा घुसल्या तेव्हा तिच्या लक्षात आले की, पळून जाऊन लपावे अशी जागा जगात कुठेच नाही. शांतता आहोत तिथेच घडवावी लागेल.

लग्न झाले, पाच मुले झाली. पती केनेथ बोल्डिंग हे मोठे अर्थशास्त्रज्ञ. बाई मुलांना सांभाळत, आणि मुले आसपास असतानाच त्या डच भाषा शिकल्या. एका डच विद्वानाने लिहिलेला भविष्याविषयीचा ग्रंथ त्यांना इंग्रजीत आणावयाचा होता; तो त्यांनी आणला. जगभरच्या शांततेच्या अभ्यासकांचा एकमेकांशी पत्ता नव्हता, तेव्हा एक वार्तापत्र काढून त्यांनी त्यांना जोडले, आणि त्यातून पुढे आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहण्यास मदत झाली. 1966 साली युद्धाला विरोध म्हणून त्या निवडणुकीलाही उभ्या राहिल्या आणि हरल्या. 1969 साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्या डॉक्टरेट झाल्या! मग प्राध्यापक झाल्या. 1976 साली त्यांनी स्त्रियांच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ लिहिला. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात; पण त्या लढायांच्या काळातही कोणी तरी पेरत होते, रांधत होते, बाळंतपणे करत होते, भांडणे मिटवत होते. तो इतिहास कोणी लिहिलाच नाही, असे त्यांचे म्हणणे.

शांतता शिकण्याची पहिली शाळा म्हणजे घर, असे त्या मानत. घरात रोज मतभेद होतात; ते न मारता, न दडपता कसे मिटवावे, हे मूल ताटावर बसल्या बसल्या शिकते. लक्षात घ्या, त्या मतभेद नकोत असे म्हणत नाहीत. एकीने तोंड मिटून घेतल्यामुळे जी शांतता होते, ती त्यांच्या हिशेबी शांतताच नव्हे. आणखी एक सुरेख कल्पना त्यांनी मांडली. आजचा काळ म्हणजे आजचा दिवस नव्हे, तर दोनशे वर्षे. आज शंभरी गाठलेल्या आजीचा जन्म, तिथपासून आज जन्मलेले बाळ शंभर वर्षांचे होईल, तिथपर्यंत. आपण एकाच वेळी दोघांचे हात धरून उभ्या आहोत. 2010 साली ह्या बाई वारल्या.

नॉर्वे हा देवांचा देश आहे, असे मात्र कोणी समजू नये. ते राष्ट्रही शस्त्रे बनवते आणि विकते. तिथल्या उत्तर भागातील सामी आदिवासींच्या मुलांना आपली भाषा टाकावयास शाळेतूनच भाग पाडले जात असे. त्या अन्यायाची चौकशी करणारा अहवाल 2023 साली त्यांच्या संसदेपुढे आला. म्हणजे ज्यांनी मराठीच्या बोली टिपून ठेवणारा पंडित दिला, त्यांच्याच घरात एक बोली दाबली जात होती. आपले उणे बाहेर काढून चारचौघांत वाचणे, हेही शांततेचेच काम.

आपल्या मंडळाचा वर्धापनदिन आहे, म्हणून एक सूचना करते. आपल्या गल्लीत सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या बायका मी मोजल्या. माझ्यासकट अकरा आहेत. सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी बसून दहावीला बसता येते. मंडळाने रोज दुपारी दोन ते चार वर्ग चालवावा. गणित आणि इंग्रजी शिकवण्यास दोघी शिकलेल्या सुना तयार आहेत. मी त्यांना विचारले आहे. ज्यांच्या घरातून नकार येईल तिथे आपण दोघी-तिघींनी मिळून जावे, भांडू नये, पण उठूनही येऊ नये. माझे नाव यादीत पहिले लिहावे.